घडीची रेघ

१० नोव्हेंबर १९९१, पाचोरा

भाऊबीज होऊन दोन दिवस झाले. आज चहा देताना अक्काने विचारलंच – "ओवाळणी व्हयनी, आते, भाऊ, कव्हय जाई राह्यना?" हसत विचारलं. पण विचारलं!

दाजी काही बोलत नाहीत. भाईदास दाजींची ड्यूटी रेल्वेच्या काट्यावर, रूळ बदलायची. गाडी आली की काटा इकडून तिकडे, बाकी तोंड बंद. ते बोलले असते तर बरं वाटलं असतं.

जाणार कुठे? भुसावळची आयटीआय सोडली त्याला दीड वर्ष झालं. मग केळीच्या ट्रकवर क्लीनर, जामनेरला टुरिंग टॉकीजच्या दारात तिकिटं फाडायला, पिंपळनेरकडे रस्त्याच्या कामावर हजेरी घ्यायला. सगळीकडे तीन महिने. चौथा महिना मी अजून कुठलाच बघितलेला नाही.

संध्याकाळी शेजारच्या तोताराम नानांनी हाक मारली. नाना म्हणजे छोट्या लाइनच्या इंजिन शेडातले फिटर, रिटायर होऊन तीन वर्षं झाली. ओट्यावर बसले होते, पुढ्यात एक खोका, वर परदेशी तिकिटं.

"सुपडू, तुले इंग्रजी येस ना?"

"येतं की! बारावी झालोय."

कसं निघालं तोंडातून कोण जाणे. दहावीच्या इंग्रजीत दोनदा गचकलोय मी. आयटीआयला पत्राकामाचा ट्रेड घेतला तो आठवीवर मिळतो म्हणून.

"बरं व्हयनं," नाना म्हणाले. "मन्हं इंग्रजी म्हणजे 'स्टॉप' नि 'डेंजर'. वरून डोळे गेले. उद्या ये. वाचीसन दखाड."

त्यांच्या घरच्या इंदिरा मावशी दारात उभ्या होत्या. पदर तोंडाला लावून आत गेल्या. दात दुखत असेल.

११ नोव्हेंबर

खोका उघडला. असं काही मी जन्मात बघितलं नव्हतं!

पितळेचे चार पातळ पत्रे, वहीच्या पानाएवढे. प्रत्येक पत्र्यात इंजिनाचे तुकडे – बाजू, छप्पर, खिडक्या, पायऱ्या, दांडे. सगळे एकमेकांना पितळेच्याच केसाएवढ्या काड्यांनी धरलेले. उन्हात धरलं तर भिंतीवर उजेडाचं इंजिन सांडलं. खिडकीची चौकट नखाएवढी आणि तिला बिजागरीसुद्धा!

करवत लावलेली नाही, छिन्नी लावलेली नाही. मग कापलं कशाने? नानांनी सांगितलं – तेजाबाने. जे ठेवायचं त्यावर लेप देतात, बाकीचं तेजाब खातं. दोन्ही बाजूंनी खाल्लं की आरपार जातं. एकाच बाजूने खाल्लं की नुसती रेघ उरते, अर्ध्या जाडीची. तिथे घडी घालायची.

म्हणजे कागदी होडी, पण पितळेची. वा रे पठ्ठे!

खोका पाठवणारा हार्टली साहेब. बारा-तेरा वर्षांपूर्वी पाचोरा-जामनेर छोटी लाइन बघायला आला होता, गळ्यात दोन कॅमेरे. सगळ्यांनी हाकललं. नानांनी इंजिनावर चढवलं, वर भाकरी-ठेचा खाऊ घातला. तेव्हापासून त्याचं दर वर्षी पत्र येतं. आता त्याच्या मित्राने हे तयार केलंय, ह्याच लाइनच्या इंजिनाचं. फुटाला सात मिलिमीटर. खरं इंजिन माणसाच्या डोक्यावर जातं, हे तळहातावर मावेल.

"तेरा नंबर करानं," नाना म्हणाले.

तेरा नंबर म्हणजे नानांचं इंजिन. एकतीस वर्षं त्यांनी त्याचे सांधे आवळले. मार्चअखेर ते रद्द होणार आहे, बॉयलर दमला. ट्रेलरवर घालून नेतील. नानांना त्याआधी हे छोटं पुरं करून मोठ्याच्या शेजारी ठेवायचंय. एकदा, बस्स.

साडेचार महिने. आणि वाचणारा मी!

१४ नोव्हेंबर

अक्काबरोबर कापूस वेचायला गेलो. बोटं फाटली. दुसरं काही नाही.

१७ नोव्हेंबर

सूचनांची अकरा पानं आहेत. बारीक टाइप. दाजींच्या मित्राकडून डिक्शनरी आणली, तिची शेवटची पानं गायब. म्हणजे डब्ल्यूच्या पुढचं इंग्रजी आम्हाला बंद.

माझी पद्धत अशी – आकृती बघायची, आयटीआयचं आठवायचं आणि कागदावर बोट फिरवत मराठीत ठोकून द्यायचं. नाना मान हलवतात. "साहेब असं म्हनस का? बरं."

आज रिबिटा उठवल्या. पत्र्याच्या मागे टाचणीच्या टोकाएवढे खळगे आहेत. त्यात आखणीची सुई ठेवून हलकं दाबलं की पुढे मोहरीएवढी रिबीट उभी राहते. मोहरी कसली, खसखस! टेंडरच्या, म्हणजे इंजिनामागच्या कोळसा-पाण्याच्या डब्याच्या, एका बाजूवर एकशे बारा. मी वीस केल्या आणि उठलो, पाय मोकळे करायला स्टेशनवर गेलो. तिथे एक माकडवाला भेटला, त्याच्या नादात तास गेला. परत आलो तर नाना तिथेच. बाकीच्या ब्याण्णव झालेल्या. सगळ्या एका उंचीच्या. मी नखाने चाचपून बघितलं. माझ्या वीस तेवढ्या कळतात – दारू प्यायल्यासारख्या उभ्या आहेत.

"ह्या काढून टाकू का?"

"राहू दे. कोनी केल्यात ते समजाले पाहिजे."

२४ नोव्हेंबर

वाईट दिवस.

ड्रायव्हरच्या केबिनची घडी घालायची होती. एकाच पत्र्यातून पुढची भिंत आणि दोन्ही बाजू निघतात. दोन घड्या घातल्या की केबिन उभी. नानांनी पत्रा माझ्या हातात दिला. "पत्राकाम शिकेल शे ना तू? तूच वाकाड."

छाती फुगली माझी!

"रेघ आत का बाहेर? काय लिखेल शे?"

तिसऱ्या पानावर ह्याच्यावर भलामोठा परिच्छेद आहे. मी बोट फिरवलं. आयटीआयमध्ये पहिल्याच आठवड्यात शिकवतात – आखलेली रेघ डोळ्यासमोर ठेवायची, वाईसच्या जबड्याच्या कडेला जुळवायची आणि मागे वाकवायचं. रेघ बाहेर.

"बाहेर," मी म्हणालो.

"तसंच लिखेल शे ना?"

"हो नाना."

"परत वाच भो."

परत बोट फिरवलं. "बाहेरच."

नाना जरा वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बरं. वाकाड."

पहिली घडी झाली, पण रिबिटा आतल्या बाजूला गेल्या. घाईघाईने उलटं वाकवलं. सरळ झालं. दुसऱ्या बाजूला वाकवायला गेलो आणि – टक्! एवढासा आवाज. केबिनची डावी बाजू माझ्या मांडीवर पडली.

"पितळच कच्चं आहे," मी म्हणालो. "साहेबाचा माल!"

नानांनी तुकडा उचलला, धोतराच्या सोग्याने पुसला, काड्यापेटीत ठेवला. "पितळ शे. जोडता येस." मग आत जाऊन झोपले. दुपारी चार वाजता.

२५ नोव्हेंबर

गेलो नाही.

२ डिसेंबर

आज गेलो. नानांनी तुकडा जोडला होता! मी दोनदा बोट फिरवलं तेव्हा जोड सापडला. आतून पितळेची पट्टी, काडीच्या जाडीची. सोल्डर, म्हणजे डाख, किती? गव्हाचा अर्धा दाणा. तेजाबात जुन्या सेलचं जस्त मारून त्यांनी डाखाचं पाणी घरीच केलं होतं, मावशींच्या लोणच्याच्या बरणीत. मावशी म्हणाल्या, "आते लोणचं कशामा घालू? तुमना इंजिनमा?"

बाहेरून मात्र नीट बघितलं की एक बारीक रेघ दिसते. रंगाखाली जाईल म्हणतात.

मी म्हटलं, नाना, कमाल आहे तुमच्या हाताची. तर म्हणाले, "हातनी कमाल काय? हात दम धरस. बस."

मग शेडातली एक रीत सांगितली. ज्याने काम केलं त्याने आपला टोकन नंबर पंचाने, म्हणजे आकड्याच्या लोखंडी ठशाने, त्या भागावर ठोकायचा. बाहेर नाही, आतल्या बाजूला. काम पुरं झाल्यावरच, आधी नाही. उद्या गळलं, फुटलं, तर उघडल्यावर कळतं कुणाच्या दारी जायचं. नानांचा नंबर दोनशे चौदा. त्यांचे उस्ताद उखर्डू मिस्त्री, ते शहाण्णव.

"नंबर मारी टाका का मंग दडता येत नही," नाना म्हणाले आणि कानस पुसत बसले.

मला बोलले का? नाही बहुतेक. पण अर्ध्या ताटावरून उठलो.

१२ डिसेंबर

जळगाव स्टेशनवर नवल नावाचा माणूस भेटला. सारंगखेड्याच्या यात्रेला घोडे घेऊन चाललाय, सोबतीला कुणी हवंय. चार मिनिटांत ठरलं! मी नानांसाठी कानस घ्यायला आलो होतो. कानस राहिली. सुरतेच्या गाडीत बसलो. दोंडाईच्याला उतरायचं.

अक्काला निरोप धाडला. नानांना नाही.

१८ डिसेंबर, सारंगखेडा

घोडे! पांढरे, कुमैत, काळे. हजार तरी असतील, तापीच्या काठापर्यंत. एक पंचकल्याणी घोडी पायात चाळ बांधून नाचते, खाट ठेवली तर खाटेवर नाचते. नवल म्हणतो, राहा माझ्याबरोबर. इथून एकेक घोडेबाजार करत पंजाबला जाऊ. पंजाब!

मी हो म्हणालो.

२० डिसेंबर

झोप येत नाही, घोडे फुरफुरतात, थंडी मरणाची. म्हणून दुपारी उन्हात पडून ही वही चाळत होतो. तर खूण म्हणून घातलेला कागद खाली पडला. सूचनांचं तिसरं पान! केबिनचं. मी ते वहीत ठेवून इथवर घेऊन आलो होतो.

काही उद्योग नव्हता. डिक्शनरीही नव्हती. वाचायला लागलो. पहिल्यांदाच – म्हणजे खरंच वाचायला. बोट ठेवून, एकेक शब्द, जो अडेल तो सोडून पुढे. तो मोठा परिच्छेद. त्यातलं एक वाक्य जाड अक्षरात. फोल्ड म्हणजे घडी, हे आयटीआयच्या फळ्यावर रोज होतं. लाइन म्हणजे रेघ. ऑल्वेज म्हणजे नेहमी. आणि इनसाइड कुणाला कळत नाही?

घडी घालताना रेघ नेहमी आत. खाली आणखी – एकदाच वाकवा, परत उलटं वाकवाल तर तुटेल.

जाड अक्षरात! आंधळ्याला दिसावं असं!

पितळ कच्चं नव्हतं. मी वाचलंच नव्हतं. वाचल्यासारखं केलं होतं. आणि नानांनी तीनदा विचारलं होतं.

पंचकल्याणी घोडी बाजूला नाचत होती, लोक शिट्ट्या मारत होते. मला काही दिसेना.

२१ डिसेंबर

नवलला सांगितलं, जातो. म्हणाला, "पंजाब सोडून पाचोऱ्याला? डोकं फिरलं का?"

फिरलं असेल.

२२ डिसेंबर, पाचोरा

अक्काने दारातच धरलं. "कथा व्हता रे तू? सुपात घालीसन नाव ठेवं तुन्हं, पन तू सुपामधूनबी निसटेल शे!" नाना ओट्यावरून ऐकत होते. हसले.

मी त्यांच्यासमोर उभा राहिलो आणि सगळं सांगून टाकलं. बारावी नाही. दहावी नाही. इंग्रजीत दोनदा नापास. बोट नुसतं फिरवत होतो. केबिन मी मोडली, साहेबाच्या पितळाने नाही.

वाटलं, शिव्या देतील. वाटलं, खोका उचलून आत नेतील.

नाना म्हणाले, "हं."

मग उशीखालून चौथं पान काढलं. "हाई वाच. दिवस लागू दे. पन वाच."

४ जानेवारी १९९२

पानाला चार दिवस लागतात. एकेक शब्द वहीत लिहून काढतो. आज सहाव्या पानावर आहे. दाजींनी डिक्शनरी बघितली आणि एकदम बोलले! "कोर्टाची परीक्षा देतो का काय?" दोन महिन्यांतलं पहिलं वाक्य.

११ जानेवारी

आज धुराडं बसवायचं होतं. धुराडं आणि घुमट पितळेचे नाहीत, पांढरट धातूचे ओतीव. नानांनी सोल्डरचा कावीया लालबुंद तापवला, धुराड्याजवळ नेला आणि हवेतच धरून ठेवला. माझ्याकडे बघत. जणू मी काय म्हणतो त्याचीच वाट बघत होते.

मी पान वाचत होतो. "थांबा नाना! हा धातू कमी उष्णतेला वितळतो. लिहिलंय – कावीया लावू नका, चिकटवा!"

नानांनी कावीया खाली ठेवला. सावकाश. "तू वाचं ते बरं व्हयनं," म्हणाले. "नहीतर धुराडानं पानी व्हतं."

छातीत असं काही झालं की उठून स्टेशनपर्यंत धावत गेलो आणि परत आलो. माकडवाला तिथे होता. थांबलो नाही!

२६ जानेवारी

शेडात गेलो, नानांबरोबर. तेरा नंबर वाफेवर होतं, जामनेरची गाडी घेऊन जाणार होतं. मी हे इंजिन कितीदा पाहिलंय! लहानपणी शेतातून धावत त्याला वाकुल्या दाखवल्यात. पण आज बघितलं ते वेगळंच. आज प्रत्येक तुकडा मला ओळखीचा – हा दुसऱ्या पत्र्यातला, ही पायरी चौथ्यातली, ह्या बिजागरीने माझा चिमटा मोडला. एवढं अजस्र यंत्र आणि मी त्याचं हाडन् हाड हातात धरलंय.

नाना त्याच्याजवळ जातात तेव्हा चप्पल बाहेर काढतात. आजच लक्षात आलं. फिटरला गरम कोळशावर पाय पडायची भीती, पण काढतात.

टेंडरच्या डाव्या अंगाला वीतभर लोखंडी ठिगळ आहे, बारा रिबिटांचं. अठ्ठ्याहत्तर साली नानांनी मारलेलं. साहेबाच्या पत्र्यात ते नाही. साहेबाचं इंजिन कारखान्यातून नवं निघालेलं आहे, आमचं चाळीस वर्षं चाललेलं.

घरी येऊन नानांनी कात्रीने पत्र्याच्या उरल्या काडीतून ठिगळ कापलं. बारा रिबिटा उठवल्या. जागेवर बसवलं.

"साहेबले काय माहीत," म्हणाले.

९ फेब्रुवारी

चाकं! तीन दिवस चाकं.

सहा मोठी चाकं आणि त्यांना जोडणारे दांडे. एका बाजूचा दांडा खाली असतो तेव्हा दुसऱ्या बाजूचा पुढे हवा, पाव फेरीचा फरक. नाहीतर इंजिन अडतं. आमचं अडलं. नाना चाक डोळ्यासमोर धरतात, एक केस इकडे, एक केस तिकडे फिरवतात. फिरवून बघतात. पुन्हा. पुन्हा. मी असतो तर खिडकीतून फेकून दिलं असतं.

एकदा विचारलं, "नाना, हे एवढं बारीक दिसतं तुम्हाला, मग अक्षरं का दिसत नाहीत?"

"अक्षर येगळं, पितळ येगळं," म्हणाले. मावशींना ठसका लागला.

१६ फेब्रुवारी

फिरली!

१ मार्च

रूळ म्हणून सायकलचे स्पोक. सागाच्या फळीत पितळी खिळे, त्यावर स्पोक डाखले. दाजींनी स्वतःहून सायकलवाल्याकडून मोडकी रिंग आणली. ट्रान्झिस्टरचे आठ सेल एका रांगेत बांधले, इंजिनाच्या पोटात करंगळीएवढी मोटर आहे तिला जोडले. तेरा नंबर निघालं! गुर्र करत तीन फूट गेलं आणि फळीवरून उडी मारायला निघालं. नानांनी झेललं. अक्का, दाजी, मावशी, सगळे टाळ्या वाजवत होते. अक्का म्हणाली, "सुपड्या, हाई तू बनाडं?" मी म्हटलं, "नानांनी." नाना म्हणाले, "दोन जनांनी."

२२ मार्च

काळा रंग. केबिनचा जोड रंगाखाली गेला नाही. उन्हात तिरपं धरलं की रेघ दिसते. मला तरी दिसते. नाना म्हणतात, दिसू दे.

२८ मार्च

पुरं झालं.

नानांनी पंचांचा डबा काढला. पत्रा पातळ, त्यावर ठोकलं तर बाहेर फुगेल. म्हणून उरलेल्या पितळेच्या दोन काड्या घेतल्या, त्यावर नंबर मारायचे आणि काड्या आत डाखायच्या. नानांनी २१४ मारला, टेंडरच्या पोटात ठेवला. मग पंच माझ्याकडे दिला.

"मला कुठे नंबर आहे?"

"एकबी नंबर नही भेटना आजवर?"

आठवला एक. आयटीआयचा हजेरी नंबर. अडतीस. तीन महिने रोज सकाळी "यस सर" म्हणायचो, मग एक दिवस नाही म्हणालो. तोच मारला. तीन नीट आला, आठ वाकडा. केबिनच्या आत डाखला, तुटलेल्या बाजूला. मीच सांगितलं तिथे म्हणून.

३० मार्च

तेरा नंबर उद्या ट्रेलरवर चढणार. आज थंड उभं होतं, चाकांखाली लाकडी ठोकळे. शेडमधल्यांनी नानांना बघून वाट दिली. नानांनी चप्पल काढली. मीही काढली.

छोटं इंजिन मोठ्याच्या फूटप्लेटवर, बाजूच्या लोखंडी पट्टीवर, ठेवलं. कुणीतरी म्हणालं, "नाना, हे तर पिलू झालं!" हशा पिकला. मग एकेक जण येऊन वाकून बघत होता. ठिगळ बघितलं की हात आपोआप मोठ्या ठिगळावर जायचा.

नानांनी चाकांखाली वाळू सोडायच्या पेटीचं झाकण उचलून मला आत दाखवलं. काजळीत पुसट ९६. त्याच्या खाली २१४. त्याखाली रिकामी जागा, कुणीच काही मारलेलं नाही.

नानांनी झाकण लावलं, वरची काजळी धोतराच्या सोग्याने पुसली. रडले नाहीत. मीच.

३१ मार्च

गेलं.

१० एप्रिल

आज लक्षात आलं – भाऊबीजेला आलो, पाचवा महिना संपून सहावा लागला. मधले दहा दिवस सोडले तर. अक्का विचारायची थांबलीय.

१६ एप्रिल

साहेबाचं पाकीट आलं. जहाजाने, म्हणून एवढा वेळ. आत पुठ्ठ्यात पितळेचा एक पत्रा – नवी केबिन! आणि पत्र. नानांनी न उघडताच माझ्या हातात दिलं. "वाच. मोठ्यानं."

वाचलं. अडखळत, पण डिक्शनरीला हात न लावता.

'प्रिय तोताराम, तुमचं पंधरा डिसेंबरचं पत्र मिळालं. तुमचं इंग्रजी अक्षर नेहमीसारखंच देखणं...'

थांबलो.

"पुढे."

'तुम्ही लिहिता की सूचना तुम्ही दोनदा वाचल्या होत्या, रेघ आत ठेवायची हे तुम्हाला माहीत होतं, तरी तुम्ही त्या पोराचा हात धरला नाही. पितळ जोडता येतं म्हणता. मला धीर निघाला नाही, म्हणून दुसरी केबिन पाठवतो आहे. घोड्यांच्या यात्रेहून तो परत आला का?'

मावशी पदर तोंडाला लावून आत गेल्या. नवा पत्रा माझ्या हातात होता, रेघ कोरी. मान वर करवेना.

नानांनी पत्रा घेतला, काड्यापेटीशेजारी फळीवर ठेवून दिला. मग खिशातून चष्मा काढला, लावला आणि टाक माझ्यापुढे सरकवला.

"परत उना का, इचारेल शे त्यानी. जबाब तू लिख. इंग्रजीत."